मास्तरांच्या पायात राहिलेला मणी

मित्रांनो, दवाखान्यातल्या या पट्टी बदलायच्या खोलीत पहिल्यांदा येणाऱ्या बहुतेकांना मी चघळायची गोळी वाटतो. खिडकीशेजारच्या फळीवर, कापसाच्या डब्याला टेकून एक छोटी काचेची बाटली उभी आहे. तिचं बूच घट्ट लावून वरून चिकटपट्टी फिरवलेली आहे. त्या बाटलीत मी एकटाच राहतो. माझा रंग मळकट पांढरा, आकार वाटाण्याएवढा, आणि पोटात आरपार एक बारीक भोक. मी एक जुना मणी आहे. मणी म्हटला की तो गळ्यात शोभतो, मनगटावर शोभतो. मी मात्र एका माणसाच्या पायात होतो, तोही अगदी आत, हाडाशेजारी.

हसू आलं ना? येऊ द्या. ज्यांच्या पायात होतो, ते मास्तरही पहिल्यांदा हसलेच होते.

माझा जन्म एका वाडग्यात झाला. ऑपरेशनच्या खोलीतला तो चकचकीत स्टीलचा वाडगा. डॉक्टरबाईंनी त्यात आधी एक पांढरी भुकटी ओतली. जंतू मारणाऱ्या औषधाची पूड तिच्यात मिसळली आणि दोन्ही एकजीव होईपर्यंत ढवळली. मग त्यावर एक पातळ द्रव ओतला. त्याचा वास इतका उग्र, की तोंडानाकावर पट्टी असूनही शेजारी उभ्या असलेल्या सिस्टरनी मान फिरवली. नखं रंगवायची बाटली नाकाशी धरल्यावर येतो ना, तसा. वाडग्यात आधी नुसता चिकट राडा झाला. डॉक्टरबाई मधून मधून बोट लावून बघत होत्या. बोटाला चिकटतंय तोवर थांबायचं, आणि चिकटायचं थांबलं की झटपट हात चालवायचा. उशीर झाला तर वाडग्यातच दगड होतो.

त्यांनी चिमूट चिमूट घेऊन तळहातावर गोळ्या वळल्या आणि एका बारीक तारेत ओवल्या. मी तारेच्या टोकाचा, सगळ्यांत धाकटा. माझी पाळी येईपर्यंत वाडग्यात जे उरलं होतं, तेवढंच माझ्या वाट्याला आलं. घट्ट होता होता आम्हा सगळ्या भावंडांच्या अंगात ताप भरला. खरंच तापतो आम्ही, आमच्या जातीचा तो स्वभावच आहे. डॉक्टरबाईंनी आमच्यावर हात ठेवला, ताप आलेल्या बाळाच्या कपाळावर आई ठेवते तसा, आणि आम्ही निवेपर्यंत थांबल्या. तसंच गरम गरम आत ठेवलं असतं तर आधीच दुखावलेलं मांस पोळलं असतं.

आम्हाला म्हणतात हाडांचं सिमेंट. कुणाचा झिजलेला गुडघा काढून नवा बसवतात, तेव्हा तो हाडात पक्का रोवायला आमचीच नातेवाईक मंडळी कामाला येतात. ती एकदा आत गेली की माणसाबरोबर आयुष्यभर राहतात. आमचं काम निराळं होतं. आम्ही काही आठवड्यांचे पाहुणे.

आता ज्यांच्याकडे पाहुणे म्हणून गेलो, त्यांची गोष्ट ऐका. ती माझ्या जन्माआधी सुरू झाली, पण पट्टी बदलायच्या खोलीत माणसं गप्प कशी बसणार? काकूंनी, म्हणजे मास्तरांच्या बायकोनं, ती सिस्टरना इतक्या वेळा सांगितली की मला तोंडपाठ झाली.

मास्तर म्हणजे शिंपी. केस पांढरे, हात स्थिर आणि जीभ कात्रीसारखी. रस्त्याच्या वळणावर त्यांचं घर होतं आणि पुढच्याच खोलीत दुकान. तिथं एक जुनं पायमशीन, कापड कापायचं लांब टेबल आणि भिंतीला खुंट्या. मास्तर मशीनवर नेहमी अनवाणी बसायचे. चपला घातल्या की पायडलची नस कळत नाही, असं ते म्हणायचे. त्यांची मुलगी तिच्या छोट्या बाळाला घेऊन माहेरी राहायला आली होती. बाळ रांगत होतं आणि जमिनीवर सापडेल ते तोंडात घालत होतं. कण दिसला की निघाली तिकडे, म्हणून घरात तिचं नाव पडलं मुंगी.

एके दिवशी मास्तर शेजारी घड्याळं दुरुस्त करणाऱ्या घड्याळजींचा जाड कापडाचा कोट शिवत होते. खांद्याची शिवण घालताना कट्ट असा आवाज झाला आणि सुई मोडली. मास्तरांच्या दुकानात एक नियम होता. सुई मोडली की दोन्ही तुकडे शोधायचे, टेबलावर एकाला एक लावून बघायचे, पूर्ण सुई जुळली तरच मशीन पुन्हा चालवायचं. तुकडा कपड्यात राहिला तर घालणाऱ्याला टोचेल, जमिनीवर राहिला तर घरच्यांना. वरचा तुकडा मशीनमध्येच अडकला होता. टोकाचा काही मिळेना.

"अगं, मुंगीला उचल आधी," काकू मुलीला म्हणाल्या. मुलीनं बाळाला कडेवर घेतलं. काकूंनी दोरीला बांधलेलं लोहचुंबक सगळ्या खोलीत फिरवलं. त्याला टाचण्या चिकटल्या, एक हरवलेलं बटण चिकटलं, पण सुईचा तुकडा आला नाही.

"ठेव ते," मास्तर म्हणाले. "टाचणी कुठं का पडेना, माझ्या तळव्याला कळते. आयुष्यभर अशाच शोधल्यात."

मग त्यांनी आपले अनवाणी पाय जमिनीवरून हळूहळू घासत नेले. फरशीमागून फरशी, टेबलाखाली, मशीनखाली, कोपऱ्याकोपऱ्यात. नातीच्या तोंडात सुई जाऊ नये म्हणून एक आजोबा आपल्या तळव्यांनी सबंध खोली झाडत होते. शेवटी दारापाशी येऊन ते म्हणाले, "नाही. खोलीत नाहीच ती. उडून खिडकीबाहेर गेली असणार." सगळ्यांना हायसं वाटलं. मुंगीला खाली सोडलं. आणि दोन तुकडे न जुळवताच मास्तरांनी पहिल्यांदा नवीन सुई लावून मशीन सुरू केलं.

मित्रांनो, सुई सापडली होती. मास्तरांच्या तळव्यालाच सापडली होती. पण तळव्यानं ते मास्तरांना कळवलं नाही. रक्तातली साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की पायाच्या नसा हळूहळू मंद होतात. दुखणं, टोचणं, पोळणं, यातलं काहीच वर पोचत नाही. मास्तरांना साखरेचा आजार होता, गोळ्या ते आठवण झाली तर घ्यायचे. आपला तळवा कधीच मुका झालाय, हे त्यांच्या गावीही नव्हतं. अर्धी सुई आत घेऊन ते चालले, जिने चढले, पायडल मारत राहिले.

काही दिवसांनी मुलीला खोलीत कसलातरी वास यायला लागला. तिला आधी वाटलं, बाळाचा लंगोट राहिला असेल कुठं. शोधत शोधत ती वडिलांच्या खुर्चीपाशी आली.

"बाबा, पाय दाखवा."

"कशाला? काही दुखत नाहीये."

"दुखू दे नाहीतर नको दुखू दे. वर करा पाय."

पाय सुजून लाल झाला होता, आणि अंगठ्याच्या खालून पू येत होता. त्याच दुपारी ती त्यांना घेऊन दवाखान्यात आली. एक्स-रे काढला तर अंगठ्यामागच्या हाडाला टेकून अर्धी सुई आडवी झोपलेली. काकूंनी तो काळा कागद उजेडाला धरला. मग म्हणाल्या, "ही आमचीच आहे."

डॉक्टरबाईंनी सगळं नीट समजावून सांगितलं. सुई निघेल. पण हाडाच्या टोकाला जंतू लागलेत, तेवढं टोक काढावं लागेल, भोवतीचं सडलेलंही काढावं लागेल. तिथं एक पोकळी राहील. पायाकडं जाणारं रक्त कमी झालंय, त्यामुळं शिरेतून दिलेलं औषध तिथं पुरेसं पोचणार नाही. म्हणून त्या पोकळीत औषध भरलेल्या सिमेंटचे मणी ठेवायचे. जंतू हटले तर पाय वाचेल. वर सरकले तर पुढचा अर्धा पाय कापावा लागेल.

मास्तरांना शांतता कधीच सोसायची नाही. ते म्हणाले, "सिमेंट भरणार म्हणता, तर गवंड्याला निरोप देऊ का? वरून फरशी बसवायची असेल तर रंग आमच्या हिला विचारा."

"डॉक्टरबाई," काकू म्हणाल्या, "पायाला भूल द्याल तेव्हा थोडी यांच्या जिभेलाही द्या."

तर असा मी मास्तरांच्या पायात गेलो.

आत अंधार होता, ओल होती, आणि ऊब असायला हवी तेवढी नव्हती. आम्ही तारेवर एकमेकांना चिकटून त्या पोकळीत बसलो आणि लगेच कामाला लागलो. आमचं काम दिसायला काहीच नाही. नुसतं बसून राहायचं आणि अंगातलं औषध थोडं थोडं झिरपू द्यायचं. पहिल्या दिवसांत ते भराभर जातं, मग सावकाश. रक्ताबरोबर लांबून आलेलं औषध अरुंद वाटेनं येता येता थेंबभर उरतं. आम्ही तर दारातच बसलो होतो. जंतूंना आमच्यापासून पळायला जागा नव्हती. पण मित्रांनो, सगळं आम्हीच केलं असं मी म्हणणार नाही. शिरेतून औषध चालू होतं, साखर खाली आणायची इंजेक्शनं होती, आणि पट्टी सोडणारे, धुणारे, बांधणारे सिस्टरचे हात होते. आमचं सगळ्यांत मोठं कौतुक म्हणजे पट्टी सोडल्यावर सिस्टरनी वास घेऊन म्हटलेलं एकच वाक्य, "आज वास नाही." त्या दिवशी तारेवरच्या आम्हा सगळ्यांना अगदी धन्य वाटलं.

घरी जाताना डॉक्टरबाईंनी बजावलं, "मास्तर, पाय जमिनीला टेकवायचा नाही. कुबड्या घ्या, खुर्चीत बसा, पण यावर भार नको."

मास्तर घरी आले. पलंग पुढच्याच खोलीत टाकला होता, आणि समोर मशीनवर घड्याळजींचा कोट, एका खांद्यावर शिवण झालेला, दुसऱ्यावर नुसता टाचलेला. शिंप्याला समोर अर्धवट शिवण दिसणं म्हणजे काय, ते शिंप्यालाच ठाऊक. घड्याळजी समाचाराला आले आणि जाताना त्या कोटावरून हात फिरवून म्हणाले, "घाई नाही हो मास्तर. थंडी काय, पुढच्या वर्षीही पडेल." झालं. मास्तरांना ते लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू भाजी आणायला गेल्या. मुलगी आत मुंगीला आंघोळ घालत होती. आणि मला अचानक हादरे बसायला लागले. पाय खाली वर, खाली वर. आम्ही भावंडं एकमेकांवर आपटायला लागलो. आमच्याभोवती जे नवं, कोवळं मांस कडेकडेनं येत होतं, ते तारेनं कापलं जात होतं. मला ओरडता येत नव्हतं, आणि मास्तरांना दुखत नव्हतं. दोघांपैकी एकाला जरी ते जमलं असतं, तर तो पाय थांबला असता.

पट्टी बदलायच्या दिवशी सिस्टर मध्येच थांबल्या.

"मास्तर, हा डाग कसला?"

"कसला असणार. औषधाचा."

"औषध काळं नसतं. आणि याला तेलाचा वास येतोय."

मास्तर छताकडं बघायला लागले. काकू मास्तरांकडं.

"मी भाजीला गेले होते तेव्हा?" काकूंनी विचारलं.

"हे बघ, पाय जमिनीला टेकवू नका म्हणाल्या होत्या. मी टेकवला का? पायडल जमिनीला कुठं लागतं? चांगलं वीतभर वर असतं. आणि शिवण ती केवढीशी राहिली होती."

सिस्टरनी डॉक्टरबाईंना बोलावलं. डॉक्टरबाई रागावल्या असत्या तर मास्तरांना सोपं गेलं असतं. त्यांच्याकडं उत्तरं तयार होती. पण त्या स्टूल ओढून पायाजवळ बसल्या. जखमेची फाटलेली कड, ताजं रक्त, सगळं बघितलं. मग म्हणाल्या, "मास्तर, कोट नुसत्या कच्च्या टाक्यांवर आहे. गिऱ्हाईक तो तसाच अंगात घालून कुस्ती खेळायला लागलं तर?"

"हातातून ओढून घेईन कोट."

"तुमचा पाय आत्ता कच्च्या टाक्यांवर आहे."

मास्तरांनी अगदी हळू विचारलं, "पुढचा पाय गेला, तर पायडल मारता येतं का कुणाला?"

"टाच राहते," डॉक्टरबाई म्हणाल्या. "टाचेनं जमतं का, ते तुम्हीच सांगा."

मास्तर वाकून सिस्टरच्या हातातल्या आपल्या पायाकडं बघायला लागले. काकूंनी पिशवीतला टॉवेल काढला आणि उगाचच पुन्हा घडी करून ठेवला. आत्तापर्यंत पाय वाचावा ही डॉक्टरबाईंची इच्छा होती, काकूंची होती, आमची होती. त्या दिवसापासून ती मास्तरांची झाली.

पुढचे काही दिवस घरात मशीनचा आवाज आला नाही. आणि मग एका सकाळी खटखट ऐकू आली. मी हादऱ्यांची वाट बघत बसलो, पण पाय जागचा हलला नाही. तो एका स्टुलावर, उशीवर, लांब पसरलेला होता. बोलणं ऐकून मला उलगडा झाला. मास्तर खुर्चीत तिरके बसून हातांनी कापड सरकवत होते, आणि मशीनच्या बाजूला पाटावर बसून काकू पायडल दाबत होत्या.

"अगं हळू. मला कोट शिवायचाय, गावाला नाही जायचं."

"मग आधी सांगावं कुठं उतरायचं ते."

"थांब म्हटलं की थांबायचं."

"तुम्ही म्हणता थांब, तोवर माझा पाय पुढं गेलेला असतो. एवढी वर्षं मी तुमच्या मागून आले, आता कापडानं माझ्या मागून यायला काय झालं?"

पहिल्या दिवशी शिवणी अशा वेड्यावाकड्या आल्या की मास्तरांनी त्या हातानं उसवल्या. दुसऱ्या दिवशी जरा सरळ आल्या. पुढं पुढं तर मास्तरांनी नुसता श्वास आत घेतला तरी काकूंचा पाय थांबायला लागला. एकदा घड्याळजींनी हौसेनं पायडलवर बसून बघितलं. मास्तरांनी त्यांना लगेच उठवलं. म्हणाले, "तुमची घड्याळं मागं का पडतात, ते आज कळलं." कोट पुरा झाला. घड्याळजी तो अंगात घालून दवाखान्यापर्यंत येऊन गेले, सिस्टरना दाखवायला. खांद्याशी एक शिवण किंचित तिरकी होती. ती उसवू द्यायला मास्तरांनी साफ नकार दिला.

माझ्या आयुष्यातले सर्वांत सुखाचे दिवस ते. मी अंधारात होतो, पण घर सगळं ऐकू येत होतं, आणि जे दिसलं नाही ते काकू पट्टी बदलताना सिस्टरना सांगायच्या. आणि रोज सकाळी एक गोष्ट व्हायची. मुलगी मुंगीला आंघोळ घालून बाहेर आणायची आणि पलंगावर टॉवेलात गुंडाळायची. मग तिचे पाय पुसायची. बाळाची बोटं ती किती, पण तिला वेळ लागायचा. प्रत्येक बोट वेगळं करायचं, मधली ओल टिपायची, तळवा उलटा करून बघायचा, त्यावर एक पापा घ्यायचा. मुंगी खिदळून पाय ओढून घ्यायची. ते झालं की मुलगी सरकून पलंगाच्या दुसऱ्या टोकाला यायची.

"बाबा, आता तुमचे."

पहिल्या दिवशी मास्तरांनी पाय पांघरुणात घेतला. "तू नको धरू माझे पाय. तुझी आई बघेल."

"आईला चष्म्याशिवाय दिसत नाही आणि चष्मा तिला सापडत नाही. द्या इकडे."

"अगं, बरं नाही दिसत."

"माझे पाय तुम्ही धरलेत की नाही लहानपणी? बूट कोण घालायचं मला?"

मास्तरांनी तोंड भिंतीकडं केलं आणि पाय बाहेर काढला. मुलीनं बांधलेला पाय नुसता नीट बघितला, पट्टी कोरडी आहे ना, वर लाली चढलीय का. दुसरा, बरा पाय तिनं कोमट पाण्यानं धुतला. पाणी आधी आपल्या कोपरावर बघून घेतलं, बाळासाठी घेते तसं, कारण मास्तरांच्या पायाला गरम-गार कळणारच नव्हतं. बोटांमधली ओल तिनं टिपली. तळवा उलटा करून उजेडात बघितला. सगळं तेच, तसंच. फक्त पापा तेवढा घेतला नाही. पुढं पुढं आंघोळीच्या बादलीचा आवाज आला की मास्तर आपणहून पाय पांघरुणाबाहेर काढून ठेवायला लागले. तोंड मात्र भिंतीकडंच असायचं.

मग आमचा निघायचा दिवस आला. पुन्हा ती ऑपरेशनची खोली, पुन्हा त्या डॉक्टरबाई. कडा उघडल्या आणि मला कितीतरी आठवड्यांनी उजेड दिसला. पू नव्हता. आमच्याभोवती एक पातळ, गुलाबी, निरोगी अस्तर तयार झालं होतं. कोटाला आतून लावतात तसं. डॉक्टरबाई पट्टीमागं हसल्या, ते त्यांच्या डोळ्यांवरून कळलं. त्यांनी तार धरून आम्हाला एकेक करत अलगद ओढून काढलं. जागा धुतली, तपासणीसाठी आतला नमुना घेतला आणि जखम शिवली. तो नमुना पुढं स्वच्छ आला. त्या शिवणीबद्दल मास्तर नंतर म्हणाले, "टाके बरे आहेत. जरा जवळ जवळ घालायला हवे होते." डॉक्टरबाईंनी ते ऐकून घेतलं.

भावंडं दवाखान्याच्या कचऱ्याच्या वेगळ्या पिशवीतून गेली. तसाच नियम आहे आणि तो बरोबर आहे. मलाही जावं लागलं असतं. पण डॉक्टरबाईंना पुढच्या रुग्णांना समजावताना दाखवायला एक मणी हवा होता. त्यांनी तारेच्या टोकाचा म्हणून मला निवडलं. मला वाफेत तापवून निर्जंतुक केलं, या बाटलीत बंद केलं आणि फळीवर ठेवलं.

नंतर बराच काळ मला कुणी विचारलं नाही. पुढं कापसाचा डबा आला, मग हातमोज्यांचं खोकं आलं, आणि मी मागं सरकत सरकत भिंतीला टेकलो. बाटलीवर धूळ बसली. मला वाईट वाटलं का? थोडं वाटलं. पण माझ्यातलं औषध ज्या कामासाठी होतं त्या कामी आलं होतं. रिकामं होणं हेच आमच्या जातीचं पोट भरणं आहे. आणि पट्टीला येणाऱ्या माणसांच्या तोंडून मास्तरांची खबर कळायची. त्यांच्या अंगठ्यामागं हाडाचं टोक नाही, त्यामुळं अंगठा थोडा आखूड आणि सैल राहिला. चांभारानं मापाचे रुंद, मऊ बूट करून दिलेत. डॉक्टरबाईंनी परवानगी दिल्यावर मास्तर पुन्हा पायडलवर बसले. अनवाणी बसायचं नाही ही अट होती. "बूट घालून पायडल मारायचं म्हणजे हातमोजे घालून सुईत दोरा ओवायचा," अशी त्यांची कुरकुर अजून चालू आहे. पण बूट घालतात. आणि पाय बघायचा सकाळचा रतीब चुकत नाही. मुलगी सासरी परत गेली तेव्हा काकूंनी चष्म्याला दोरी बांधून घेतली, आणि तळवे बघायचं काम आपल्याकडं घेतलं.

परवा सिस्टरनी फळी आवरली. हातमोज्यांचं खोकं हललं, फडक्यानं माझी बाटली पुसली गेली आणि डॉक्टरबाईंनी मला हातात घेतलं. समोर एक बसकंडक्टर बाई बसल्या होत्या. त्यांच्या पायाची गत मास्तरांसारखीच झाली होती. टाचेला बूट लागला होता आणि त्यांना कळलंच नव्हतं. डॉक्टरबाई मला दाखवून समजावत होत्या, पण कंडक्टरबाईंचं माझ्याकडं लक्ष नव्हतं. त्या आपली रिकामी पिशवी दोन्ही हातांनी आवळून बसल्या होत्या.

"उभ्यानं काम आहे माझं," त्या म्हणाल्या. "पाय गेला तर मला कोण ठेवणार?"

दाराशी मास्तर बसले होते, आपली तपासणी व्हायची वाट बघत. ते उठले. कुबडी नव्हती, काठी नव्हती. थोडे लंगडत आत आले, बाईंच्या समोरच्या खुर्चीत बसले, बुटाची पट्टी सोडली, मोजा काढला आणि पाय वर धरला.

"बघा," ते म्हणाले. "लाजू नका, जवळून बघा. हा माझ्या बायकोला कोटापेक्षा जास्त आवडतो."

बाईंनी बघितलं. मीही बघितलं. मित्रांनो, तो पाय मी इतके दिवस आतून ओळखत होतो. बाहेरून मात्र पहिल्यांदाच पाहिला. आखूड अंगठा, त्याच्याखाली एक पांढुरकी रेघ, आणि भोवती साधी, कोरडी, सुरकुतलेली कातडी. कुठंही काही विशेष नव्हतं. किती सुंदर होता तो.

कंडक्टरबाईंनी पिशवी खाली ठेवली. मग वाकून त्यांनी स्वतःच्या बऱ्या पायातली चप्पल काढली, पाय मांडीवर घेतला आणि तळवा उलटा करून बघायला लागल्या. बहुतेक आयुष्यात पहिल्यांदाच.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. माझ्यासारखा मणी कुणाच्या पायात जायची वेळच येऊ नये. तुमच्या घरात कुणाला साखरेचा आजार असेल, तर रोज एकदा त्यांच्यापाशी जा आणि पाय वर करायला सांगा. बोटांच्या मधे बघा, टाच बघा, तळवा बघा. त्यांना अनवाणी फिरू देऊ नका. लहानसं काही दिसलं तरी त्याच दिवशी मोठ्यांना सांगा आणि दवाखान्यात न्यायला लावा. ते लाजतील, तोंड भिंतीकडं करतील. म्हणतील, "कशाला उगाच, मला काही दुखत नाहीये."

तसं म्हणाले, की दिवा थोडा आणखी जवळ आणा.